राहिलेले पान

मालोजीराव घाटगे यांचे चिरंजीव दयानंदराव, दयानंदरावांचे चिरंजीव रघुनंदन आणि रघुनंदनाचा मुलगा अभिमन्यू. आमच्या घरात माणसाची ओळख अशीच करून देतात. ही गोष्ट अभिमन्यूच्या सिनेमाची असली, तरी त्याच्या आधीच्या तिघांना वगळून ती सांगता येणार नाही. मी गोजराबाई, मालोजीरावांची सून, दयानंदरावांची पत्नी, रघुनंदनाची आई. बंगळुरात आमचे घराणे साडेतीनशे वर्षांपासून आहे. बाजारात आम्ही कानडी बोलतो, घरात मराठी, आणि रागावलो की दोन्ही.

मामंजी मालोजीराव नाटक कंपन्यांना पडदे आणि पोशाख पुरवीत. माणूस शिस्तीचा. पंगतीला बसलेल्यांपैकी शेवटच्याचे जेवण होईपर्यंत कोणी उठायचे नाही, आणि वाढलेल्या पानावरून कोणाला उठवायचे तर मुळीच नाही, हा त्यांचा नियम. त्यांच्या पंगतीला एकदा एक म्हातारे गवई बसले होते. त्यांना दात नव्हते. ते जेवून होईपर्यंत बाकीच्यांचे हात वाळले, पण कोणी हलले नाही.

हा नियम आमच्या घरात एकदाच मोडला, आणि तोही सिनेमापायी.

दयानंदरावांनी त्यांच्या उमेदीच्या काळात एक कानडी कौटुंबिक चित्रपट काढला. गांधीनगरात कचेरी होती आणि चित्रीकरण आमच्या तेव्हाच्या चामराजपेटेतल्या घरी. धाकट्या सुनेच्या भूमिकेसाठी त्यांनी निपाणीकडची शिवलीला नावाची मुलगी घेतली होती. अठरा वर्षांची, अंगाने काटकुळी, डोळे मात्र बोलके. शेवटच्या दिवशी पंगतीचा प्रसंग होता. नवी सून पहिल्यांदाच सासरच्या पंगतीत बसते, असा. पाने वाढून झाली, दिवे लागले, शिवलीलेने घास उचलला, आणि त्याच वेळी ज्यांचे भांडवल होते ते गृहस्थ आपल्या भाचीला घेऊन दारात उभे राहिले. भूमिका भाचीला द्यायची, नाहीतर काम इथेच थांबवायचे, एवढेच ते बोलले. शिवलीलेला पानावरून उठवण्यात आले. तिने उचललेला घास पानात परत ठेवला, आणि त्याच पानावर ती भाची बसली.

दयानंदराव तिला सोडायला फाटकापर्यंत गेले. म्हणाले, "शिवलीला, या घरात तुझं एक पान राहिलं. ते मी देणं लागतो."

ती म्हणाली, "कॅमेऱ्यासमोर उठवलंत, तर कॅमेऱ्यासमोरच बसवा की अण्णा. उगीच घरी बोलावून जेवायला घालू नका."

तो चित्रपट आठवडाभर चालला आणि विसरला गेला. शिवलीला पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांना आणि मालिकांना आवाज देऊ लागली. घरोघरी तिचा आवाज ओळखीचा झाला. तोंड मात्र कोणी पाहिले नाही. दर वर्षी गौरीला मी तिला बोलावत असे आणि दर वर्षी ती येत असे. हळदीकुंकू घ्यायची, ओटी घ्यायची, माझ्याशी तासभर गप्पा मारायची. पानाकडे बोट दाखवले की म्हणायची, "पाणी चालेल, अक्का." आमच्या घरचा एक दाणाही तिने तोंडात घातला नाही. दयानंदराव गेले तेव्हा त्यांचे घर, दुकान, भांडणे, सगळे निस्तरलेले होते. राहिले होते फक्त ते पान. ते माझ्या हयातीत फेडायचे, हे मी तेव्हाच ठरवले. कसे फेडायचे, ते मात्र कळत नव्हते, कारण कॅमेरा काही माझ्या स्वयंपाकघरात मिळत नाही.

आणि एका रविवारी अभिमन्यूने जाहीर केले की हेब्बाळची नोकरी सोडून तो चित्रपट काढणार आहे.

त्याचा बाप रघुनंदन बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात यंत्रे तपासतो. फार कमी बोलतो. त्या दिवशी मात्र बोलला. "या घरात एकदा सिनेमा झाला, तेवढा पुरे आहे."

"अप्पा, हा वेगळा आहे," अभिमन्यू म्हणाला. "एका आजीची गोष्ट आहे. मुलाशी भांडण झाल्यामुळे ती कित्येक वर्षं घरच्या पंगतीला बसलेली नाही. शेवटी नातीच्या लग्नात येते आणि पंगतीत बसते. बस, एवढंच."

मी कोथिंबीर निवडत होते. हातातली जुडी खाली ठेवली.

"आजीचं काम कोण करणार?"

"तेच विचारायला आलोय, अज्जी. तुम्हीच करायचं."

"मी अभिनय करणार नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे लोक वागतात, लोकांच्या सांगण्याप्रमाणे मी वागत नाही. माझं घर घे, भांडी घे, लुगडी घे, पंगतीचा स्वयंपाक माझ्याकडून घे. अट एक. आजी शिवलीला होईल, आणि पंगतीत बसल्यावर तिला कोणी उठवणार नाही."

अभिमन्यूला राहिलेल्या पानाची हकीकत ठाऊक होती; आमच्या घरात ती न ऐकता कोणी मोठे झालेले नाही. तो हसला. "सरी, अज्जी. तसंच करू."

रघुनंदन उठून गॅलरीत गेला.

शिवलीला हेब्बाळच्या तळ्याजवळ एका लहानशा फ्लॅटमध्ये राहते. आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले, "ह्या खेपेला भाची कुणाची आहे?"

"कोणाचीही नाही."

"लिहून देता?"

"मी तोंडाने सांगते आहे. तेवढं पुरे."

"दयानंदअण्णांनी बी तोंडानंच सांगितलं होतं की, अक्का." मग अभिमन्यूकडे वळून ती म्हणाली, "आजोबांसारखाच दिसतोस. वागू नकोस म्हणजे झालं."

दुसरी अडचण रोशनची होती. रोशन हा निर्माता. मूळचा पुण्याचा, सर्जापूर रोडला त्याची सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि आम्ही राहतो त्याच सोसायटीत पलीकडच्या इमारतीत त्याचे घर. मुलगा गुणी, पण बोलताना हातातला फोन सोडत नाही. तो मला समजावायला आला.

"आजी, रिस्पेक्ट आहे, पण फेस व्हॅल्यू लागते. शिवलीलाबाईंना कोण ओळखतं?"

"तुमच्या आजीला कोण ओळखतं?"

"आमच्या आजीला? घरचे लोक."

"मग सिनेमा घरचाच आहे ना?"

त्याने फोनवर तारखा चाळल्या. "ओके. पण पंगतीच्या सीनला मला फक्त एक दिवस देता येईल. सोसायटीचा हॉल मिळालाय. संध्याकाळी तिथे बर्थडे पार्टी आहे, त्याच्या आत संपवायचं."

"एक पंगत उठायला दिवस लागत नाही," मी म्हणाले. हे माझे वाक्य त्याने नंतर मला बऱ्याचदा ऐकवले.

चित्रीकरण सुरू झाले आणि आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात जत्रा भरली. पहिल्याच सकाळी दिवे घेऊन आलेली मंडळी बुटांसकट देवघरापर्यंत पोचली होती. त्यांना मी परत जिन्यापर्यंत पाठवले आणि नुसत्या पायांनी आत घेतले. सजावटीच्या माणसाने माझ्या लोणच्याच्या बरण्या हलवून तिथे रिकाम्या बरण्या ठेवल्या, कारण त्या जास्त जुन्या दिसत होत्या. मी विचारले, "आत काय आहे?" तो म्हणाला, "काही नाही अम्मा, कॅमेऱ्याला आतलं दिसत नाही." मी म्हणाले, "मला दिसतं." संध्याकाळपर्यंत त्याच्या बरण्यांत माझे लोणचे भरलेले होते, आणि ते त्यानेच भरले होते. तिसऱ्या दिवसापासून कॅमेरावाला दृश्य संपले की आधी माझ्याकडे पाही आणि मग अभिमन्यूकडे. अभिमन्यूने एकदा कुरकूर केली, "अज्जी, डायरेक्टर मी आहे." मी म्हणाले, "मी कुठे नाही म्हणते? तू सांग, मी मान हलवते."

शिवलीला कामाला उभी राहिली की मात्र मी गप्प बसत असे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओठांना शब्द दिलेली बाई. आपल्या ओठांवर शब्द आल्यावर ती कशी उभी राहील, याची मला धाकधूक होती. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मुलाला नुसते "जेवलास का?" म्हणाली, आणि दिवे धरणाऱ्या मुलांनी माना खाली घातल्या. तिच्या मुलाचे काम करणारा अजिंक्य हा नट मालिकांतला मोठा माणूस होता. तोही त्या दिवसापासून तिला खुर्ची देऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत ती डब्यातली स्वतःची भाकरी खाई. माझ्या ताटाला हात लावत नसे. "अजून नाही, अक्का," म्हणे.

रघुनंदन त्या दिवसांत सकाळी लवकर कारखान्यात जाई आणि दिवे मालवल्यावर परत येई.

पंगतीचा दिवस उजाडला. परसू आचारी माझ्या माहेरापासूनचा; त्याला मी पहाटेच बोलावले होते. मुगाच्या डाळीची कोसंबरी, भाज्यांच्या दोन पल्या, चित्रान्न, कटाची आमटी, सार, भात, हप्पळ म्हणजे पापड, आणि पुरणाची पोळी, जिला परसू होळिगे म्हणतो. अभिमन्यूने विचारले होते की तीन पाने खरी वाढून बाकीची लांबून दिसण्यापुरती वाढली तर चालतील का. मी परसूला सगळी पाने मोजून दाखवली. नातवाने पुन्हा विचारले नाही.

दृश्य असे होते: लग्नाची पंगत जेवते आहे. एक पान रिकामे आहे. आजी दारात येते. मुलगा मान वर करून म्हणतो, "आई, बस." ती येऊन बसते आणि जेवते. अभिमन्यूला हे सगळे एका दमात घ्यायचे होते, मध्ये कोठेही न तोडता.

नट मंडळी बसली. सुरुवात होण्याआधी मी पाहिले, तर प्रत्येकाच्या पाठीमागे एक लहान बादली ठेवलेली होती.

"या कशाला?" मी रंजिताला विचारले. रंजिता ही अभिमन्यूची मदतनीस, चुणचुणीत मुलगी.

"थुंकायला, अम्मा. घास तोंडात घ्यायचा, कट झाला की टाकायचा. नाहीतर रिटेकला पोट भरतं."

मी बादल्या उचलायला लावल्या. अन्नाची आणि आपली अशी तडजोड आमच्या घरात होत नाही.

कॅमेरा सुरू झाला. पंगत जेवू लागली. सुरेख चालले होते. शिवलीला दाराबाहेर उभी होती, पाऊल उचलणार, तेवढ्यात वरून आवाज टिपणारा लांब दांडा खाली आला आणि अजिंक्यच्या आमटीत बुडाला.

"कट," अभिमन्यू म्हणाला.

सगळे उठू लागले.

"बसा," मी म्हणाले.

अर्धे उठलेले तसेच बसले. अभिमन्यू माझ्याजवळ आला. "अज्जी, कट झालाय."

"तुझा कट कॅमेऱ्याला. माणसांना नाही. वाढलेल्या पानावरून या घरातल्या माणसांनी एकदा एकीला उठवलं. आज तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांना उठवणार आहेस का?"

त्याने दाराकडे पाहिले. शिवलीला चौकटीला टेकून ऐकत होती.

"जेवा," अभिमन्यू मंडळींना म्हणाला. "सावकाश जेवा. अन्न संपवून उठा."

सगळी पंगत शिस्तीत जेवली. परसूने आग्रह केला. परसूच्या आग्रहाला नाही म्हणणे सोपे नसते. तो नकार ऐकायच्या आधीच वाढून पुढे गेलेला असतो. मी शिवलीलेला म्हणाले, "तूही बस." ती म्हणाली, "कॅमेरा बंद आहे की. मी हितंच बरी."

पाने उचलली, जमीन पुसली, नवी पाने वाढली. दुपार कलली होती. मंडळी पुन्हा बसली, पण या वेळी बसताना काहींनी कमरेची बटणे सैल केल्याचे माझ्या नजरेतून सुटले नाही. कॅमेरा सुरू झाला. घास लहान होऊ लागले. नवरीच्या मावशीने चित्रान्नातले शेंगदाणे मोजावे तसे एकेक उचलले. शिवलीला दारात आली. अजिंक्यने मान वर केली, डोळ्यांत पाणी आणले, तोंड उघडले, आणि "आई" या शब्दाच्या ठिकाणी एक दीर्घ ढेकर दिली.

कोणी हसले नाही. हसण्याइतकी जागा कोणाच्या पोटात उरली नव्हती.

"कट," अभिमन्यू हळूच म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहताच पुढे म्हणाला, "जेवा."

"सर, प्लीज," अजिंक्य म्हणाला.

"जेवा, राया," मी म्हणाले. "पुरणपोळी अर्धी राहिली आहे."

ती पंगत उठायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. शिवलीला माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि आपल्या रिकाम्या पानाकडे पाहत म्हणाली, "काही म्हणा अक्का, तुमच्या घरी माझं पान मांडतात फार सुरेख."

मला तिचा राग आला नाही. तिचा हक्क होता.

आता एकाच वेळी सगळ्या बाजूंनी अडचणी आल्या. परसू सांगत आला की अन्न आणखी एकाच पंगतीपुरते आहे. रंजिता सांगत आली की नटांपैकी निम्मे आडवे झाले आहेत आणि उरलेले आडवे व्हायला जागा शोधत आहेत. हॉलच्या दारात खालच्या मजल्यावरची भूमिका नावाची शेजारीण फुगे घेऊन उभी होती. तिच्या मुलीचा वाढदिवस होता आणि पाहुणे जमू लागले होते. रोशन फोन खिशात ठेवून आला, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखले.

"अभि, ऐक. पंगत झालीये शूट, थोडीफार वापरता येईल. शिवलीलाबाईंचा क्लोजअप नंतर स्टुडिओत घेऊ. मागचं सगळं ग्राफिक्सने लावू. पानसुद्धा लागणार नाही."

"नंतर," शिवलीला म्हणाली. एवढेच. आणि ती कानातल्या कुड्या काढू लागली. एक काढून तळहातावर ठेवली. "माझ्या वेळेलाबी 'नंतर'च म्हणाले होते, बाळ. सवय आहे मला."

मी अभिमन्यूला बाजूला घेतले. जे मी आयुष्यात कोणाला म्हणाले नव्हते ते त्याला म्हणाले. "माझा नियम बाजूला राहू दे आजच्यापुरता. या लोकांना बसव, दोन घास खाऊ दे, तू कट म्हण आणि उठव त्यांना. तिचं तेवढं होऊन जाऊ दे."

अभिमन्यूने माझ्याकडे पाहिले. त्याचे डोळे दयानंदरावांचे आहेत, पण त्या क्षणी त्याची हनुवटी मालोजीरावांची दिसली.

"नाही, अज्जी. सगळ्यांना उठवून तिला एकटीला बसवलं, तर ती पंगत कसली? आजोबांनी अशीच तडजोड केली होती. कोणी उठणार नाही. मला फक्त भुकेली माणसं पाहिजेत."

आणि तो सरळ दाराशी गेला, भूमिकेसमोर.

"भूमिका अक्का, तुमचे पाहुणे किती वाजता जेवणार आहेत?"

"केक कापल्यावर. का?"

"केकच्या आधी होळिगे चालेल का? सिनेमात."

भूमिकेने मागे वळून पाहिले. तिचे सासरे जरीचे उपरणे घेऊन आलेले, तिच्या बहिणी रेशमी साड्यांत, शेजारचे बंगाली डॉक्टर, वरच्या मजल्यावरचे तेलुगू दांपत्य, परकर पोलके घातलेल्या मुली. लग्नाला शोभेल असा एकूण एक माणूस नटूनथटून उभा होता, आणि संध्याकाळी जेवण आहे म्हणून दुपारी कोणी नीट जेवलेले नव्हते.

"आम्हांला काय करायचं?" बंगाली डॉक्टरांनी हिंदीत विचारले.

"जेवायचं," अभिमन्यू म्हणाला. "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, आणि शेवटचं माणूस जेवून होईपर्यंत उठायचं नाही."

"एवढंच? हे तर आम्ही घरी फुकट करतो."

रंजिता कपाळाला हात लावून म्हणाली, "सर, कंटिन्युइटी? आधीच्या शॉटमध्ये मावशी वेगळी होती."

"आधीचा एकही शॉट वापरायचा नाही. ही पहिलीच पंगत."

अजिंक्य भिंतीला टेकून बसला होता. अभिमन्यूने त्याच्या हातात तुपाची वाटी दिली. "तुम्ही बसू नका. या वेळी मुलगा वाढतो आहे. आईला 'बस' म्हणायचं आणि तिला वाढायचं."

"वाढतो. वाढायला काहीच हरकत नाही," अजिंक्य म्हणाला. इतक्या मनापासून त्याने त्या चित्रपटात दुसरे कोणतेच वाक्य म्हटले नसेल.

पाने पुन्हा मांडली. रोशन पाहत उभा होता. मी त्याला पाटाकडे बोट दाखवले. "तुम्हीही बसा. नवरीचे मामा कमी पडताहेत."

"आजी, मला डाएट..."

"मामा," मी म्हणाले. तो बसला.

रिकाम्या पानाच्या डावीकडची एक जागा तेवढी राहिली. भूमिकेचे पाहुणे संपले होते. मी कोणाला तरी हाक मारणार, तेवढ्यात हॉलच्या दारातून रघुनंदन आत आला. कारखान्याचा निळा सदरा अंगात, डबा हातात. तो एवढ्या लवकर कसा परतला, ते मी विचारले नाही. त्याने डबा कोपऱ्यात ठेवला, हात धुतले आणि येऊन त्या जागी मांडी घातली.

"अप्पा?" अभिमन्यू म्हणाला.

"त्या दिवशीही पंगतीत मी याच जागी होतो," रघुनंदन म्हणाला. "तिच्या डाव्या हाताला. मी सात वर्षांचा होतो आणि पोटभर जेवलो होतो. सुरू कर तुझं."

शिवलीलेने तळहातावरची कुडी पुन्हा कानात घातली.

कॅमेरा सुरू झाला. भुकेली माणसे जशी जेवतात तशी ती पंगत जेवू लागली. कोणी अभिनय केला नाही. डॉक्टरांनी आमटीचा भुरका मारला, त्यांच्या बायकोने त्यांना कोपराने ढोसले, मुलींनी हप्पळ मोडून वाटून घेतले, आणि भूमिकेच्या सासऱ्यांनी परसूला पल्यांत काय घातले आहे ते विचारले. परसूने सांगितले नाही. दांडा धरणाऱ्याने या वेळी दांडा दोन्ही हातांनी आढ्याला लावून धरला होता.

शिवलीला दारात आली. थांबली. पंगतीवरून तिची नजर फिरत फिरत आपल्या पानावर आली.

"आई, बस," अजिंक्य म्हणाला. त्याचा आवाज जड होता. कशामुळे ते मी सांगू शकत नाही.

ती आली. पदर सावरून बसली. पानाभोवती पाणी फिरवले. कोसंबरीचा घास उचलला, आणि हात अर्ध्यावर तसाच राहिला. तेव्हा जिथे राहिला होता तिथेच. रघुनंदनाने तिच्याकडे न पाहता मधली मिठाची वाटी तिच्या बाजूला सरकवली, जणू ती तिला लागणारच होती. तिने घास तोंडात घातला.

लिहिलेला प्रसंग इथे संपत होता. पहिला घास, आणि कट. रोशनने मामाच्या जागेवरून अभिमन्यूकडे पाहिले. कॅमेरावाल्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली नाही. अभिमन्यूने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तोंड मिटून उभा राहिला.

शिवलीला जेवत होती. पल्या संपवल्या, चित्रान्न संपवले. भात आमटीत कालवला, मग सारात. घाई नाही. बोटांनी भात एकत्र करून, शिते न सांडता, एकेक घास. इतक्या वर्षांनी ती आमच्या घरचे खात होती आणि तिला त्यातली चव पाहायची होती. अजिंक्यने पोळी वाढली, पण तूप वाढायचे विसरला. ते मला दिसले, आणि तिलाही दिसले.

"अक्का, तूप," ती म्हणाली.

हे वाक्य कोठेही लिहिलेले नव्हते. अभिनय करणार नाही, असे मी म्हणाले होते, आणि तो मी केलाही नाही. तूप वाढणे हे माझे कामच आहे. मी अजिंक्यच्या हातातली वाटी घेतली, पदर खोचला, कॅमेऱ्यासमोरून चालत गेले आणि तिच्या पोळीवर तूप सोडले. "बस," ती म्हणेपर्यंत सोडले. ती बराच वेळ म्हणाली नाही.

"मीठ नीट पडलं आहे ना?" मी विचारले.

"आमटीला स्वल्प कमी," ती म्हणाली. "बाकी सगळं जागच्या जागी आहे."

पंगतीतल्या सगळ्यांचे हात थांबले होते. भूमिकेची मुलगी, जिचा वाढदिवस होता, तिचे डोळे मधूनच दाराबाहेरच्या केककडे जात होते, पण तीही उठली नाही. शेवटचा ताकभात आला. शिवलीलेने ताक द्रोणातून प्यायले, भाताचे शेवटचे शीत बोटाने टिपले आणि पानावरून हात फिरवला. पानात काही उरलेले नव्हते. तिने डावीकडे रघुनंदनाकडे पाहिले, मग सगळ्या पंगतीकडे, मग माझ्याकडे.

"उठूया की आता," ती म्हणाली.

आणि मालोजीरावांच्या रीतीप्रमाणे सगळी पंगत एकदम उठली. अभिमन्यू कट म्हणाला की नाही, ते कोणाला ऐकू आले नाही. मी त्या रिकाम्या पानाशी उभी होते. शिवलीलेने हात धुतले, परत आली, आणि माझ्या पदराला हात पुसत म्हणाली, "फिटलं, अक्का. दयानंदअण्णांचं सगळं फिटलं."